सुरुवातीची रेघ

"वैनी, आज परत मीठ नाही," गणपुले मास्तर वाटी पुढं सरकवत हळूच म्हणाले. बारा वर्षं रोज दुपारी इथंच जेवणारा माणूस. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या त्या हळू आवाजानंच शुभदा इंगवलेचं डोकं फिरलं.

तिनं आमटीचा चमचा तोंडात घातला. गरम लागलं, बाकी काहीच लागलं नाही. आठ महिने असंच चाललं होतं. भूक मेली होती, वजन अकरा किलोनं उतरलं होतं, आणि आता जिभेनंही साथ सोडली होती. जिच्या हाताच्या चवीवर कोल्हापुरातली ही खानावळ चालते, तिलाच अळणी कळेना!

तेवढ्यात फळीवरचा फोन बोलला. "अभिनंदन, शुभदाताई! तुमच्या अवधानात एकाहत्तर टक्के सुधारणा. उपचार असेच सुरू राहतील."

"कप्पाळ सुधारणा!" पळी दाणकन ओट्यावर आपटली. शुभदानं आमटीचा डबा भरला, गॅस बंद केला आणि तडक अवधान केंद्र गाठलं.

तिला एडीएचडी होता, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. पूर्वी असल्या पेशंटला डॉक्टर दर महिन्याला विचारायचे, कसं वाटतंय? आता विचारायची गरज उरली नव्हती. कानामागं मसुराएवढी अवधान-टिकली चिकटवलेली असायची. नजर कुठं जाते, किती वेळ टिकते, मेंदूतल्या लहरी कशा चालतात, हे ती दिवसभर नोंदवायची. त्या नोंदींप्रमाणं दंडात कातडीखाली बसवलेली कुपी औषध सोडायची. माणसानं तोंड उघडायचं कामच नव्हतं.

डॉक्टर बर्वे तरुण होते आणि स्वभावानं वाईट नव्हते. शुभदानं डबा त्यांच्यापुढं उघडला. "चाखा."

"ताई, हे काय..."

"चाखा म्हणते ना!"

त्यांनी चाखली आणि तोंड वाकडं केलं. "अळणी आहे."

"तुम्हाला कळलं, मला कळत नाही. औषध बंद करा असं नाही म्हणत मी. त्याचा उपयोग असेलही. पण मात्रा कमी करा."

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडं फिरवला. "आलेख बघा तरी. इतका देखणा आलेख माझ्या एकाही पेशंटचा नाही."

"मग त्या आलेखालाच जेवायला वाढा!"

"आलेख चढता असताना मात्रेला कुलूप असतं, ताई. औषध लागू पडत नाही असं दिसलं तरच ते उघडतं. मी काय करू?"

शुभदा पडद्याकडं रागानं बघत राहिली. निळी रेघ वर चढत गेली होती. तिच्या खाली अगदी तळाशी एक आडवी तांबडी रेघ होती.

"ही कसली?"

"पायारेषा. औषधाआधी नऊ दिवस नुसती टिकली लावून तुमचं मूळचं लक्ष मोजलं होतं. सगळी सुधारणा त्या रेघेपासून मोजतात. चौदा ते बावीस जून." डॉक्टर नोंदी वाचू लागले. "दर चार मिनिटांनी नजर दाराकडे. हाकेला प्रतिसाद नाही. हातातलं काम अर्धवट. झोप तीन तास. लक्षणं फारच तीव्र होती तुमची."

"बारा जूनला आमच्या आक्का गेल्या," शुभदा म्हणाली. "माझ्या सासूबाई. घरात सुतक होतं हो!"

डॉक्टरांनी पडद्यावरच्या तारखा पुन्हा पाहिल्या.

एकोणीस वर्षांत खानावळ एक दिवस बंद नव्हती. तपासणीसाठी आक्कांनीच तिचं नाव घातलं होतं, पण नऊ दिवस रोज केंद्रावर हजेरी लावायला सवड कुठली? सुतकात चूल बंद, तेव्हा नणंद म्हणाली, आता रिकामीच आहेस तर ते उरकून घे. आणि शुभदानं उरकून घेतलं होतं.

"हे तुम्ही सांगायला हवं होतं, ताई."

"विचारलं कुणी?" तिचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "बहात्तर प्रश्न भरून घेतलेत. चहा किती पिता, चष्मा आहे का, डावखुऱ्या का. घरात कुणी गेलंय का, हा एक प्रश्न नव्हता त्यात! माझं माणूस गेलं ते तुमच्या यंत्रानं माझ्या आजारात धरलं. पुढं मी माझी मी सावरले, ते औषधाच्या नावावर घातलं. आणि त्या जोरावर आठ महिने माझी जीभ मारलीत!"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग औषधाचा खरा गुण किती, हे मलाही माहीत नाही," ते म्हणाले. त्यांनी पायारेषा रद्द केल्याची नोंद घातली, खाली स्वतःचं नाव टाकलं. कुलूप उघडलं. दंडातली कुपी बारीक आवाज करून थांबली.

"तीन आठवड्यांत औषध अंगातून जाईल, चव परत यायला हवी," ते म्हणाले. "मग पुन्हा मोजू. या वेळी खानावळ चालू असताना, तुमच्या नेहमीच्या दिवसांत."

शुभदानं डब्याचं झाकण लावलं. नेहमीचे दिवस म्हणजे ती चुलीपाशी आणि आक्का दाराजवळ पाटावर भाजी निवडत. मधूनच हाक यायची, "शुभदे, दूध!" एकोणीस वर्षांत दूध एकदाही उतू गेलं नव्हतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढलेला नव्हता, "नेहमीचं ते लक्ष निम्मं माझं होतं, निम्मं त्यांचं. ती रेघ तुम्ही आता कुठल्या दिवसांत मोजणार?"