कूलरखालचा क्यूब

मिहिर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या हातात पत्र्याचा एक शंकू होता आणि तो मी उलटा धरला होता.

यात माझी चूक नव्हती. म्हणजे होती, पण तिला कारण होतं. सिव्हिलचा माझा निम्मा डिप्लोमा लॉकडाऊनमुळे मोबाइलवर झाला. पुलगावला बाबूजींचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथल्या काउंटरवर, खिळ्यांच्या तराजूला मोबाइल टेकवून मी पूल, धरणं आणि स्लॅब शिकले. पुढे साइटवरच्या कामाचा वर्षभराचा ऑनलाइन कोर्सही तिथेच केला. मधेच गिऱ्हाईक यायचं म्हणून सगळे व्हिडिओ दीडपट वेगाने पाहायची. स्लंप टेस्टचा धडा तर पुट्टीच्या पोत्यांवर आडवं पडून पाहिला. त्यामुळे शंकूची रुंद बाजू खाली असते की वर, हे माझ्या डोक्यात कायमचं आडवंच राहिलं.

टेस्ट सोपी असते. ओलं काँक्रीट शंकूत भरायचं, शंकू उचलायचा आणि काँक्रीट किती खाली बसलं ते मोजायचं. फार बसलं तर पाणी जास्त झालं. कोर्समध्ये मला यात शंभरपैकी शंभर होते. शंकू स्क्रीनवर बोटाने उचलला होता.

तर हिंगणी. एप्रिलची वीस तारीख, ग्रामपंचायतीच्या सभागृहाचा स्लॅब, माझी पहिली नोकरी. ठेकेदार गजेंद्रभाऊंनी मला सहा महिने काम बघू, मग ठरवू, या बोलीवर ठेवलं होतं. बाबूजींचीही बोली होती. “नोकरी पक्की झाली तर कर. नाई झाली तर काउंटर हायेच,” असं ते म्हणाले होते. रागाने नाही, काउंटरकडे प्रेमाने बघत.

“मॅडम,” मागून कुणीतरी म्हणालं, “तो शंकू... उलटा आहे.”

दोन शब्दांच्या मधे एवढी मोकळी जागा होती की मी तेवढ्यात तो सुलटा करून घेऊ शकले असते.

“माहीत आहे,” मी म्हटलं. “आतून साफ आहे का, पाहून राह्यली होती.”

“अच्छा. मग... आहे?”

“काय?”

“साफ.”

सिंदी मेघेच्या एका टेस्टिंग लॅबमधून तो आला होता. उंच, सावळा, पापण्यांवर सिमेंटची बारीक धूळ. बोलायचा असा, की माझं बोट हवेत दीडपट वेगाचं बटण शोधायचं.

भरताना शंकू हलू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर पाय देऊन कुणीतरी उभं राहावं लागतं. तो उभा राहिला. मी त्याच्या बुटांसमोर बसून सळीने ठोके मारू लागले. प्रत्येक थराला पंचवीस. तो मोजत होता. “सतरा... अठरा...” मला वाटलं पंचविसापर्यंत काँक्रीट वाळेल. वर पाहिलं तर तो माझ्याकडे पाहत होता. मग त्याने “एकोणीस” दोनदा म्हटलं.

त्यानंतर त्याच काँक्रीटचे आम्ही सहा क्यूब भरले. क्यूब म्हणजे वीतभराहून थोडा लहान, आठ किलोचा चौकोनी ठोकळा. तो पाण्याच्या टाकीत ठेवतात. तीन सातव्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या. ते भक्कम निघाले तर स्लॅब भक्कम. नाही तर स्लॅब तोडतात, आणि तो भरून घेणाऱ्या इंजिनिअरला खिळे विकायला पाठवतात.

क्यूबवर मी खिळ्याने तारीख कोरली आणि खाली “र”.

“हा र...?”

“रक्षा. माझा पहिला स्लॅब आहे.”

“नाव लिहायचा नियम नाही.” मग बराच वेळ गेला. “लिहू नये असंही... कुठे म्हटलेलं नाही.”

सातव्या दिवशी तो तीन क्यूब घेऊन गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला.

“बारा पूर्णांक चार.”

“किती पाह्यजे होतं?”

“तेरा.”

मी दुकानात होते. समोरच कूलर होता. त्याचा एक पाय तुटका, खाली न खपलेल्या बिजागऱ्यांचा खोका, आणि अकरा वर्षांपासून सगळं पाणी उजव्या कोपऱ्यात. बाबूजी दुकानात सपाटी तपासायच्या, बुडबुड्याच्या लेव्हलबॉटल्या विकतात, आणि त्या कूलरच्या डोक्यावरच मांडून ठेवतात. त्या खोक्याकडे पाहून मला माझं पुढचं आयुष्य दिसलं.

“टाकीतलं पाणी मजूर हातपाय धुवायला नेतात,” तो म्हणाला. “क्यूब अर्धे कोरडे होते. सातव्या दिवसाच्या आकड्याला घाबरायचं नसतं. अठ्ठावीसची... वाट बघायची असते. रोज पाण्याचा फोटो पाठवा.”

म्हणून मी रोज सकाळी त्याला टाकीचा फोटो पाठवू लागले. इतर मुली काय पाठवतात मला माहीत नाही. त्याची उत्तरं यायची. “दोन इंच कमी.” “ठीक.” “शेवाळ येत आहे.” एकदा आलं, “फोटोत तुमचा पाय आला आहे. साइटवर चप्पल चालत नाही.”

मी सेफ्टी बूट घेतले. दुसऱ्या दिवशी फोटोत डावा बूट येईल अशी उभी राहिले. चुकून येतो तसा.

“पाणी बरोबर,” त्याने लिहिलं. तीन मिनिटांनी आलं, “बूटही.”

मी ते चार वेळा वाचलं. दीडपट वेगाने, त्यामुळे फार वेळ गेला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो मोटरसायकल घेऊन आला. मागे दोन्ही बाजूंना झोळ्या बांधल्या होत्या. मी टाकीच्या हिरव्या पाण्यात हात घातला. एक क्यूब निघाला. दुसरा निघाला. मग मी बाही खांद्यापर्यंत सारून टाकीचा सगळा तळ चाचपला. वीस दिवस आम्ही दोघं पाणी पाहत होतो. क्यूब कुणीच पाहिले नव्हते.

“तीन... लागतात,” मिहिर म्हणाला. “दोनावर रिपोर्ट होत नाही.”

तानबा मिस्त्री शांतपणे बिडी विझवत पुढे आला. “घाबरता काऊन, मॅडम. माह्यापाशी एक पेशल हाय. सिमेंट दाबून भरेल. असा टाइम येते म्हून ठेवतोच मी. त्याच्यावर तुमचा र काढून देतो, दोन मिंटात.”

उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. मी मिहिरकडे पाहिलं. तो मोटरसायकलच्या आरशाकडे पाहत होता, जणू आरसा तपासायला आलाय. हो म्हटलं की नोकरी पक्की. स्लॅब कसा आहे ते मात्र देवालाच माहीत, आणि त्याच्याखाली पुढे गावातली लग्नं लागणार.

“राहू द्या, तानबाजी,” मी म्हटलं. “तो र माझा आहे. खोट्या क्यूबवर मले तो नाई पाह्यजे.”

“मंग जा पुलगावले,” तानबा म्हणाला. त्यात राग नव्हता, नुसती दिशा होती.

मिहिरने आरसा सोडला. माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला टाकीत तोंड धुवावंसं वाटलं. मग “पाणी पिऊन येतो” म्हणून तो आनंदाबाईच्या खोलीकडे गेला. आनंदाबाई साइटची राखण करते. तिथून बराच वेळ काही आवाज नाही. तो पाणीही सावकाश पीत असणार, असं मला वाटलं.

“रक्षा,” हाक आली. मॅडम नाही. “जरा... इकडे ये.”

तो कूलरसमोर उकिडवा बसला होता. कूलरच्या एका पायाखाली ओलं पोतं, पोत्यात गुंडाळलेला एक क्यूब, आणि क्यूबवर र.

“मावशी, हा इथं कसा?” मी विचारलं.

“कूलर हाले न बाप्पा,” आनंदाबाई म्हणाली. “रातभर खडखड. तुमचे तिघं तिथं पाण्यात नुसते बसून राह्यले होते. म्हटलं, एकाले तरी कामाले लावाव.”

“कधीपासून?” मिहिरने विचारलं.

“झाले असन पंधरा रोज.”

“आणि कूलर... गळतो?”

“गळते म्हंजे. धार लागून राह्यते. म्हून तं पोतं टाकलं.”

मिहिरने क्यूबच्या सगळ्या बाजूंवरून हात फिरवला. “कुठेच वाळलेला नाही,” तो म्हणाला. “टाकीतल्यांपेक्षा याची काळजी... जास्त घेतली गेली आहे. पण हे रिपोर्टमध्ये लिहावं लागेल.”

“काय?”

“कूलरखाली होता म्हणून.”

“नको न.”

“तू आता तानबाला नाही म्हटलंस,” तो म्हणाला. “मग मला कसं हो म्हणायला लावतेस?”

हे वाक्य त्याने एका दमात म्हटलं. मधे एकही थांबा नाही. मला ते जरा हळू लावून पुन्हा ऐकायचं होतं.

क्यूब काढला तर कूलर पडला असता. म्हणून तिथे तानबाचा पेशल क्यूब ठेवला. तो फार भक्कम निघाला.

दोन क्यूब झोळ्यांमध्ये गेले. तिसरा ओल्या पोत्यासकट माझ्या मांडीवर, म्हणजे आमच्या दोघांच्या मधे. मे महिन्याची दुपार, सेलूचा रस्ता, आणि मधे आठ किलोचा संयम. पोत्यातलं पाणी झिरपून त्याच्या शर्टाची पाठ भिजत गेली. त्याला ते कळत होतं. तो पुढे सरकला नाही.

“हा नापास झाला तर?” त्याने विचारलं.

“तर मी पुलगावात खिळे तोलीन.”

“मग टाकीचे फोटो...”

“दुकानात टाकी नाही.”

सेलू आलं, सेलू गेलं.

“मग कशाचे पाठवशील?” त्याने विचारलं.

“कूलरचे,” मी म्हटलं. “आमचा उजवीकडे कलतो.”

लॅबमध्ये मशीनचा काटा चढताना मी डोळे मिटले होते. पहिला क्यूब एकवीस पूर्णांक आठ. दुसरा बावीस पूर्णांक तीन. पाहिजे होते वीस. तिसरा फुटेचना. मिहिर आकडे मोजत होता आणि या वेळी मला त्याच्या वेगाची काही अडचण नव्हती. चोवीस पूर्णांक नऊ.

रिपोर्टच्या शेऱ्यात त्याने लिहिलं, “तिसरा नमुना अंदाजे पंधरा दिवस गळक्या कूलरखाली. पूर्ण वेळ ओला.” बिल मंजूर करणाऱ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि कूलर कुठून घेतला ते विचारलं. स्लॅब पास झाला. गजेंद्रभाऊंनी सहा महिने पुरे व्हायची वाट पाहिली नाही. पुढच्या सोमवारी पोर्चचा स्लॅब आहे, येजो, एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे नोकरी अशीच पक्की होते.

पोर्चच्या वेळी मी शंकू सुलटा धरला. सहा क्यूब भरून थोडं काँक्रीट उरलं, तर मिहिरने सातवा साचा पुढे सरकवला. मी भरला. त्याने माझ्या हातातला खिळा घेतला, तारीख कोरली, र कोरला. मग एवढा थांबला की काँक्रीट घट्ट व्हायला लागलं. शेवटी र शेजारी “मि” कोरला.

“नावाचा नियम नाही,” मी म्हटलं.

“सातव्या क्यूबचाही... नाही.”

“अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायचा?”

“हा फोडायचा नाही,” तो म्हणाला. “हा... ठेवायचा.”

त्याचे कान लाल झाले होते. माझे झाले का ते मला दिसत नव्हतं. तानबाला दिसले असावेत, कारण तो उगाच घमेली मोजायला लागला.

“कुठं ठेवशील?” मी विचारलं.

“तुमचा उजवीकडे कलतो म्हणाली होतीस.”

अठ्ठावीस दिवस मी टाकीचे फोटो पाठवले. रोज दोन्ही बूट.

जूनच्या अखेरीस तो पॅसेंजरने पुलगावला उतरला. खांद्याला आठ किलोची पिशवी, एका बाजूला वाकलेला. मी काउंटरमागे होते. बाबूजी पुढे झाले.

“काय देऊ?”

“काही नको,” मिहिर म्हणाला. “मी... आणलं आहे.”

त्याने क्यूब काउंटरवर ठेवला. बाबूजींनी र पाहिला. मि पाहिला. मग मिहिरला पाहिलं, वरून खाली आणि खालून वर. मग मला. मी तराजूकडे पाहत होते.

“किती दिवसाचा हाय?”

“अठ्ठावीस.”

“पाण्यात होता?”

“रोज. फोटो आहेत.”

बाबूजींनी कूलरवरची मांडणी उतरवली, बिजागऱ्यांचा खोका काढला, मिहिरने कूलर उचलून धरला, आणि क्यूब खाली गेला. बाबूजींनी एक नवी लेव्हलबॉटली घेतली, तिचं प्लास्टिक काढलं आणि ती कूलरच्या डोक्यावर ठेवली. आतला बुडबुडा निघाला. मिहिरच्याच वेगाने. थोडा डावीकडे गेला, विचार केला, परतला आणि बरोबर मधोमध थांबला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा पाणी दोन्ही बाजूंना सारखं पडायला लागलं. तिघंही ते पाहत उभे राहिलो.

मग बाबूजींनी लेव्हलबॉटली पुसून पुन्हा प्लास्टिकमध्ये घातली आणि विकायला मांडली. आतल्या दाराकडे तोंड करून आईला म्हणाले, “चहा ठेवजो. एक कप जास्तीचा.” आणि काउंटरखालचं माझं स्टूल ओढून त्यांनी मिहिरपुढे सरकवलं.

“बसा,” ते म्हणाले. “सावकाश सांगा.”