पेद्रूची घंटा

टेका रे अण्णाच्या ओट्यावर. रघु, तूही. मधु, तुझ्यामागची ती पेटी जरा जपून. पितळ विकता विकता केस पिकले माझे, पण त्या पेटीतल्या एका घंटेपुढे मी हात टेकले. इनास मास्तरांवर गुदरलेली गोष्ट आहे.

मास्तर खाडीकडच्या इगर्जीत, म्हणजे किरिस्तावांच्या देवळात, गाणं बसवतात. एका गोऱ्या साहेबाच्या लिलावातून आठ हातघंटा मीच त्यांना आणून दिल्या. एकेकीचा एकेक सूर, एकेक वाजवणारा. सणाचं गाणं मास्तर निवडायचे. नाताळला खेळतं, उपासाच्या चाळीस दिवसांत खर्जातलं, आणि पास्काला, येशू उठला त्या सणाला, आठही घंटांचं मोठं गाणं.

चौथी घंटा पेद्रूची. मिठागरावरचा गडी. उजव्या हाताची दोन बोटं होडीच्या दोरात गेलेली. बाकीचे घंटा छातीला टेकवून नाद थांबवायचे. हा उघड्या तीन बोटांनी पितळच धरायचा. मी ओरडायचो, "अरे, घामाचे डाग पडतात!" तर म्हणे, "शेट, तुमचा धंदा चालाया नको काय?"

एका सालच्या उपासातच पटकीने गेला बिचारा. मरताना मास्तरांना एवढंच म्हणाला, "पास्काला माजी घंटा वाजती ठेवा, मास्तर." मास्तरांनी शब्द दिला.

पण पटकीच्या माणसाची घंटा हातात कोण घेणार? मीच ती घासून, लोलकाला फडकं बांधून पेटीत ठेवली. पुढे कुणी शिवलं नाही. शेवटी मास्तरांनी मोठं गाणं बाजूला सारलं आणि चौथा सूरच नसलेलं एक सोपं गाणं निवडलं.

तेच साल, सन सत्त्याऐंशी. चैत्री पौर्णिमा, शुक्रवार. त्यांच्या येशूच्या मरणाचा दिवस. गुरुवारपासून शनिवार रात्रीपर्यंत त्यांच्यात घंटा वाजत नाही. सगळ्यांचे लोलक बांधलेले. मास्तर इगर्जीच्या आतल्या खोलीत एकटेच, कंदिलापाशी ते नवं, सोपं गाणं उतरवत होते. कचेरीवर दहाचे टोल पडले.

एक ओळ लिहिली. गुणगुणून पाहिली.

टण्...

"वारा असेल, अण्णा."

"मध्येच बोलू नकोस, रघु. वारा गाठ सोडतो काय रे? पुढे ऐक."

मास्तरांनी पेटी उघडली. आठही फडकी जागच्या जागी. गाठी घट्ट. पुन्हा बसले. दुसरी ओळ.

टण्...

चौथा सूर. आणि लगेच तुटला. घंटेचा नाद रेंगाळतो, पोरांनो. हा रेंगाळला नाही. कुणीतरी धरला.

"पेद्रू?"

...

कुत्रंही भुंकेना. मास्तरांनी नवं गाणं फाडलं. मोठं गाणं पुढ्यात ओढलं. "मी वाजवीन. मी स्वतः."

मग... काही नाही. पहाटेपर्यंत काही नाही.

सकाळी मास्तर पेटी घेऊन माझ्या दारात. तोंडावर रक्त नाही. चौथी उघडली. पितळावर तीन बोटांचे ठसे. मी चिंच लावली, राख लावली. गेले ठसे. लख्ख! रात्री पास्काच्या मोठ्या गाण्यात मास्तरांनी ती वाजवली, छातीला टेकवून थांबवली. शब्द पाळला. दरसाल पाळतात.

तरी...

यंदाही पेटी घासायला आलीय. चौथी मी आज सकाळीच घासली, पुसली, कोरडी केली. मधु, कंदील घे. काढ ती.

...

हात नको लावूस! नुसतं बघ. पांढरं दिसतंय ना? तीन पट्टे?

मीठ आहे ते.