सहावी सूचना

ही गोष्ट २०२३ सालची, कपाशीला बोंडं धरली होती तेव्हाची. घाटंजीच्या सत्यशीलाबाई शाळेतून कधीच निवृत्त झाल्या होत्या. भावाची मुलगी उर्वशी घरी बसून नागपूरच्या एका पंप कंपनीच्या माहितीपुस्तिका तयार करायची. त्यांचं मराठी तपासायचं काम आत्याकडे.

पोरीची पद्धत त्यांना आवडे. धोक्याच्या सूचना प्रत्येक पुस्तिकेत नव्यानं लिहायच्या नाहीत. त्यांची एकच सामायिक फाइल. पुस्तिकेत नुसता तिचा पत्ता द्यायचा, मजकूर आपोआप येऊन बसे. तिथे एक काना सुधारला की सगळ्या पुस्तिका सुधारत. सत्यशीलाबाईंना शाळेतलं स्टेन्सिल आठवे. एकदा कोरलं की वर्गभर प्रश्नपत्रिका, शाईच्या वासासकट.

त्या दुपारी त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ही सहावी सूचना कायले घातली वं?"

"पाचच आहेत, आत्या."

पडद्यावर सहा होत्या. शेवटची अशी : 'विहिरीत उतरण्याआधी वर कोण उभं आहे ते नीट पाहा.'

उर्वशीनं सामायिक फाइल उघडली. तिथे पाचच. दुसरी पुस्तिका काढली, तिसरी काढली. सहा, सहा. नागपूरचा तिचा सहकारी कपिल फोनवर हसला, "माह्याकडं तं पाचच दिसून राह्यल्या. जेवली का नाही तू?"

वैतागून तिनं ती फाइलच काढून टाकली. आता 'फाइल सापडत नाही' म्हणून पुस्तिका अडायला हवी होती. अडली नाही. पाच सूचना गेल्या. सहावी राहिली.

"राजदीप कुठं हाय?" आत्यानं एकदम विचारलं.

उर्वशीचा भाऊ राजदीप पंप दुरुस्त करी. शेजारच्या बाबारावांच्या विहिरीतला पंप काढायला तो त्यांच्या वावरात गेला होता.

फोन लागला. त्याचा आवाज घुमत होता. "उतरलो ना, आत्या. वर बाबाराव हायेत दोर धरून. काहून घाबरून राह्यली?"

तेवढ्यात फाटक वाजलं. बाजाराची पिशवी घेऊन बाबाराव दारात. "राजदीपले सांगा, आज नोको जाऊ म्हणा. मले बाजारातच उशीर झाला."

सत्यशीलाबाई फोनमध्ये ओरडल्या.

"राजा, कमरेचा दोर सोड. लोखंडी कड्या धरून वर ये."

"आत्या, ते वाकून पाहून राह्यले."

"सोड म्हणते ना!"

पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. फोन बंद झाला.

बाबारावांच्या गाडीवर सत्यशीलाबाई वावरात पोचल्या, तेव्हा राजदीप विहिरीपासून दूर, धुऱ्याच्या बांधावर बसला होता. अख्खा दोर विहिरीत पडलेला. वर कोणी नव्हतं. बाबारावांना पाहताच राजदीप उठून आत्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

राजदीप आता दारव्ह्याला मोबाईलच्या दुकानात बसतो. उर्वशीची नोकरी पक्की झाली. फाइल परत ठेवल्यावर पुस्तिका पाच सूचनांनिशीच छापल्या गेल्या. कपिल अजून तिला चिडवतो. सत्यशीलाबाईंनी तपासायचं काम सोडलं.

बाबारावांनी त्या दिवशी दोराला हातही लावला नव्हता. पण संध्याकाळी चहाचा कप धरताना त्यांच्या दोन्ही तळहातांची सालं निघालेली दिसली. जखमा अजून भरलेल्या नाहीत.