नसलेल्या हाताची बटणं

त्या दिवशी रेशनवर रॉकेल आलं होतं. भातकापणी उरकली होती, सासूबाई खळ्यावर झोडणीला गेल्या होत्या, म्हणून कॅन घेऊन मीच गेले. परतताना दिवस कलला होता. बांधावरून येताना घरातून आवाज ऐकू आला. खट. खट खट. मला बरं वाटलं. साईनाथभावजी आले असतील, खेळ सुरू झाला असेल.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण सांगताना घोळ नको म्हणून घेते. माझे मालक शेखर. वाशिंदच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा कापायची मशीन. तिच्यापुढची जाळी सुपरवायझरने काढून ठेवलेली, जाळी असली की माल कमी निघतो म्हणून. आषाढात त्या मशीनने शेखरचा उजवा हात कोपराखाली नेला. इस्पितळातून निघताना सासूबाईंनी विचारलं होतं, "हाताचं काय केलंत? पुरायला तरी द्या." हात मिळाला नाही. मशीनवर दुसऱ्या दिवशीच दुसरा माणूस उभा राहिला, तेही आम्हाला गावातूनच कळलं.

दुखायचा तो नसलेला हात. "बोटं आवळून बसलीत गो," शेखर म्हणायचे. "कोणीतरी उघडा." मी रिकाम्या बाहीकडे बघत बसायचे.

साईनाथभावजी त्यांचे जुने दोस्त. लग्नाआधी दोघं शहापूरला एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पडीक असत. मारामारीच्या गेममध्ये शेखरला हरवणारा तालुक्यात नव्हता, असं भावजी अजून सांगतात. ते दुकान बंद पडलं तेव्हा भावजींनी मोडीत निघालेल्या मशीनची दांडी आणि बटणं आणली, प्लायवूडच्या खोक्यावर बसवली, आणि कल्याणहून आणलेल्या जुन्या व्हिडिओ गेमला त्यांच्या तारा जोडल्या. गेम आमच्या टीव्हीला लागायचा. डाव्या हाताने दांडी फिरवायची, उजव्याने बटणं दाबायची, थेट दुकानातल्यासारखं. आता दांडी शेखर धरत आणि बटणं भावजी दाबत. दोघांचा मिळून एक खेळाडू. भावजींचं बोट नेहमी उशिरा पडायचं. हरले की शेखर नुसते भिंतीकडे बघत.

ओटीवर भावजींच्या चपला नव्हत्या.

आत शेखर एकटेच बसले होते. खोकं मांडीवर, डावा हात दांडीवर. उजवी बाही मी सकाळी दुमडून पिन लावली होती, तशीच होती. आणि बटणं खाली जात होती. एक, मग दुसरं, मग दोन एकदम. खाली जायची आणि वर यायची. घरात तेलाचा वास भरला होता. शेखर कामावरून आले की त्यांच्या कपड्यांना यायचा तो जळका, लोखंडी वास. आषाढापासून तो घरात नव्हता.

"भावजी कुठं गेले...?"

"साईनाथ आलाच नाय."

"मग बटणं..."

"तिकडं बघू नको." ते हसत होते. हात गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "दुखायचं थांबलं गो. बोटं उघडली."

तेवढ्यात लाइट गेली. ती आमच्याकडे रोजच त्या वेळेला जायची. टीव्ही विझला. मी चाचपडत चिमणी लावली. उजेडात पाहिलं तर शेखरनी डावा हात दांडीवरून काढून छातीशी धरला होता. बटणं मात्र थांबली नव्हती. काळ्या टीव्हीसमोर ती दाबली जात होती, आधीपेक्षा जोरात.

"थांबवा ना आता..." मी म्हटलं.

"मी नाय दाबत," ते हळूच म्हणाले.

तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले. मग रोजच. समोरचा खेळाडू आडवा झाला, गेम संपला, तरी बटणं चालूच राहायची. पडलेल्याला मारत राहिल्यासारखी. भावजी एकदा दारापर्यंत आले, उभे राहिले, आणि पाणीसुद्धा न घेता परत गेले. त्यानंतर फिरकले नाहीत. सासूबाईंनीही पाहिलं. एका दुपारी शेखर ओढ्यावर आंघोळीला गेले होते आणि मी जनावरांना पाणी दाखवत होते, तेव्हा सासूबाईंनी ते खोकं चुलीत सरकवलं.

शेखर आले तेव्हा बटणं वितळून निखाऱ्यांवर रंग सांडले होते.

"आये," ते म्हणाले, "कारखान्यानं एकदा तोडला. तू दुसऱ्यांदा."

"तो तुझा हात नव्हता रे."

"मग कोणाचा होता?"

सासूबाईंनी निखाऱ्यांवर राख ओढली. त्यानंतर शेखर त्यांच्याशी कधी बोलले नाहीत. त्या ताट पुढे करायच्या, हे ताट घ्यायचे, एवढंच. हात पुन्हा दुखू लागला होता. पुढच्या पावसाळ्यात सासूबाई तापाने गेल्या. शेखरनी डाव्या हाताने अग्नी दिला, आणि लोक घरी परतायच्या आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. जाळी काढणारा सुपरवायझर तेव्हा मोठा साहेब झाला होता.

समीक्षा, आमची मुलगी, त्याच साली झाली. वर्षाची झाली तरी धरल्याशिवाय उभी राहत नव्हती. एका दुपारी मी दारात वाल सोलत बसले होते. शेखर आत निजलेले. मान वर केली तर समीक्षा अंगणातून चालत निघाली होती. एक हात सरळ वर, मूठ मिटलेली, जशी पोरं मोठ्या माणसाचं बोट धरतात. मध्येच ठेच लागली. पडली नाही. त्या हाताने वर उचलली गेली, पाय जमिनीपासून सुटले, पुन्हा टेकले. आणि ती रस्त्याच्या दिशेने चालू लागली.

मी धावत जाऊन तिला कवेत घेतलं. वर गेलेला हात खाली येईना. मी ओढला. पलीकडून कुणी सोडत नव्हतं. मी आणखी जोर लावला.

आतून, भिंतीकडे तोंड करून निजलेल्या शेखरचा आवाज आला.

"ओढू नको गो... दुखतं."