डाव्या मागच्या चाकाचा आवाज

ट्रक जॅकवर घ्यायचा म्हटलं की हल्ली ट्रकच्या आधी माझी कंबर कुरकुरते. त्यात दाजींचा ट्रक त्याच तक्रारीसाठी पुन्हा गॅरेजमध्ये आलेला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाडीने वेग धरला की मागच्या एक्सलमधून, डाव्या बाजूने, किंचाळल्यासारखा बारीक आवाज यायचा.

"मेहुणे, उद्या माल घेऊन घाट उतरायचाय," ते म्हणाले. "उतारावर चाक जाम झालं, तर तुमची ताई तुमच्याच नावाने बोटं मोडेल."

एरवी मी उलट टोला हाणला असता. पण ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी मुकाट्याने गाडीखाली शिरलो.

दोष सापडेना की आमच्या धंद्यात एक साधी रीत असते. डावीकडचा भाग उजवीकडे बसवायचा, उजवीकडचा डावीकडे. आवाज भागाबरोबर गेला, तर खोट त्या भागात. मी आधी ब्रेकचे ड्रम बदलून पाहिले, मग लायनर, मग बेअरिंग. प्रत्येक वेळी चाक चढवायचं, गाडी खाली घ्यायची, दाजींनी चक्कर मारायची आणि मी मागे हौद्यात आडवा पडून ऐकायचं. दुपारपर्यंत कोपरापर्यंत ग्रीसने माखलो. डोकं बधिर झालं होतं. उजवीकडचं सगळं डावीकडे आलं, तरी आवाज डावीकडचा हलेना.

दाजी पाणी प्यायला गेले, तेव्हा मी आमच्या वेल्डरला चक्कर मारायला सांगितली. तो भरधाव रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आला. गाडी लोण्यासारखी चालली.

"झालं की काम," वेल्डर उतरत म्हणाला.

दाजी पुन्हा चढले. आवाज सुरू.

मला वाटलं, त्यांची चालवायची पद्धत असेल. म्हणून वेल्डरला चालवायला बसवलं आणि दाजींना शेजारी. आवाज आला. दाजींना उतरवून त्यांच्या जागी वाळूची पोती ठेवली. गाडी गप्प. वेल्डर माझ्याकडे बघायचं टाळत होता. गॅरेजमध्ये पाण्याचा एक टँकर दुरुस्त होऊन उभा होता. मी दाजींना म्हटलं, जरा हा फिरवून आणा.

टँकर फाटकाबाहेर पडला आणि त्याचं डावं मागचं चाक किंचाळायला लागलं.

रीतीप्रमाणे उत्तर मिळालं होतं. ते मला नको होतं.

दाजी बाकावर बसून चहा पीत होते. सगळी इंजिनं बंद होती. मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. बेअरिंग ऐकायला आम्ही त्याची मूठ कानाला लावतो आणि टोक लोखंडाला. ते टोक मी त्यांच्या पाठीला टेकवलं. डावीकडे, खांद्याच्या खाली.

"अहो, गुदगुल्या होतात," ते हसले.

लोखंडातून तोच आवाज येत होता. बारीक, कोरडा, न थांबणारा.

"दाजी, उद्या जायचं नाही," मी म्हणालो. "एक्सल उघडावा लागेल." मी धडधडीत खोटं बोललो आणि वर त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. तुमचा खोकला एकदा तपासून घेऊ, असं निमित्त सांगितलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली. मध्येच कानातली नळी काढून ती फुंकून पाहिली, पुन्हा लावली. मग म्हणाले, "ठणठणीत आहेत. दगदग कमी करा."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजींच्या नकळत त्यांच्याच ट्रकमधून माल वेल्डर घेऊन गेला. घाट उतरून सुखरूप पोहोचल्याचा त्याचा निरोप आला, तेव्हा मी प्रथमच नीट जेवलो. दाजी घरी होते. घरी ना उतार, ना चाक. मी स्वतःची समजूत घातली.

हात धुतो तोच ताईचा फोन आला.

"अरे, तू यांना घरी बसवलंस ते फार बरं केलंस बघ. किती दिवसांनी दुपारचे आडवे झालेत."

"बरे आहेत ना?"

"बरेच आहेत की. फक्त सकाळपासून घरात कसला तरी चिरका आवाज येत होता. पंख्याचा असेल म्हणून पंखा बंद केला, तरी येतच होता. आत्ता कुठे थांबला."

आवाज करणारं बेअरिंग निदान फिरत तरी असतं. माझ्या हातातून टॉवेल खाली पडला.

"ताई, त्यांना उठव."

"झोपू दे ना रे."

"उठव म्हणतो ना!"

"काय घाई आहे एवढी? आत्ताच चहाला हाक मारली, हलवूनसुद्धा पाहिलं," ती हळू आवाजात म्हणाली, त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून. "इतके गाढ झोपलेत, कूससुद्धा बदलली नाही."