अकराव्या पानावरचे केस

पावणेआठला आभाळ फाटलं आणि युदेल्का पेगेरोनं सगळ्यात आधी डोकं झाकलं. पर्स नाही, नवे बूट नाहीत, डोकं. कोन्फेसोरा मावशीच्या पार्लरमधून बाहेर पडून तिला चारच मिनिटं झाली होती. पहाटे साडेपाचला केस धुऊन झाले, मग रोलर, मग तासभर गरम हवेच्या टोपाखाली बसणं, मग ब्रश आणि ड्रायरनं एकेक बट ओढून सरळ करणं. सांतो दोमिंगोच्या मे महिन्यातल्या पावसाला हे सगळं मोडायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून इथली प्रत्येक बाई पर्समध्ये दुकानाची प्लास्टिकची पिशवी ठेवते. युदेल्काची पिशवी त्या बुधवारी घरी राहिली होती.

समोर आलेली पहिली कोंचो, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणारी शेअर टॅक्सी, तिनं हात करून थांबवली. मागे चार जण कोंबलेले होते. पुढे ड्रायव्हरशेजारी एक तरुण होता, आणि त्याच्या आणि दाराच्या मधे उरलेली वीतभर जागा तिची. ती बसली, दार ओढलं, आणि पावसाचा सपकारा थेट खांद्यावर आला.

"काच वर करा ना!"

"काच गेल्या वर्षी गेली, मोरेना," सावळ्या मुलीला मारायची नेहमीची हाक मारत ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या गाडीत हवा फुकट, पाऊसही फुकट."

तिनं दोन्ही तळवे डोक्यावर धरले. शेजारचा तरुण एकदा तिच्याकडे बघून म्हणाला, "इकडे सरका. दाराशी मी बसतो."

"तुम्ही भिजाल."

"मी भिजलो तर वाळेन. तुमचं प्रकरण तसं दिसत नाही."

चालत्या गाडीत, एकमेकांच्या गुडघ्यांवरून, त्यांनी जागा बदलली. मागची एक बाई "अगंबाई" म्हणून हसली.

"लग्नं खाली उतरून जुळवा," ड्रायव्हर म्हणाला. "इथे गिअर टाकायला जागा ठेवा."

तरुणानं मांडीवरचं जाड पुठ्ठ्याचं फोल्डर उचलून खिडकीत उभं धरलं. पाऊस पुठ्ठ्यावर ताडताड वाजत राहिला. त्याची बाही भिजली, मग कॉलर, मग कान. तिच्यावर एकच थेंब आला, डाव्या कानशिलावर.

"एक बट पळाली," तो हळूच म्हणाला.

तिनं घाईनं हात लावला. बोटाखाली बारीक, घट्ट वेटोळं होतं. तिनं ते दाबून धरलं.

"बघू नका."

"बरं," तो म्हणाला. आणि बघत राहिला…

दोघं एकाच कोपऱ्यावर उतरली. दोघं एकाच दाराकडे निघाली, तेव्हा मात्र तिचा गोंधळ झाला. हा आपल्या मागे येतोय की काय? पण त्यानं पुढे होऊन दार उघडून धरलं आणि विचारलं, "लिसेन्सियादा इवेलिस मॅडम इथेच बसतात ना? मी छापखान्याकडून आलोय. नेफ्ताली. चित्रं काढतो."

आरोग्य विम्याच्या त्या कंपनीत युदेल्का पुढच्या काउंटरवर होती. तीन महिन्यांच्या चाचणीवर. चाचणी तीस मेला संपणार होती, आणि त्या दिवशी कायमचं पत्र तरी मिळणार होतं, नाहीतर निरोप. कायमच्या पत्रावर तिनं बरंच काही ठरवून ठेवलं होतं. आईच्या घरातून निघून स्वतःची एक खोली घेणं हे त्यातलं पहिलं. पहिल्याच दिवशी इवेलिस मॅडम म्हणाल्या होत्या, "मुलाखतीला आली होतीस, तशीच रोज ये." एवढंच. केस हा शब्द त्यांनी काढला नव्हता. काढायची गरजही नव्हती. या शहरात मुलीला चालायच्या आधी कळतं की केसांच्या दोनच जाती असतात, चांगले आणि वाईट, आणि आपले कुठले.

मॅडमनी नेफ्तालीला काउंटरशेजारीच काम समजावलं. कर्मचाऱ्यांसाठी पुस्तिका निघणार होती. अकरावं पान नीटनेटकेपणाचं.

"डावीकडे बरोबर, उजवीकडे चूक. मुलींचे चेहरे काढा. डोकं स्पष्ट दिसलं पाहिजे."

"आणि खाली मजकूर काय?"

"मजकूर नको," मॅडम म्हणाल्या. "शब्द लिहिले की तक्रारीची पत्रं येतात."

तो पुढचे सहा दिवस येत राहिला. ग्राहकांच्या खुर्चीवर बसायचा आणि वहीत रेघा ओढायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं काउंटरवर कॉफीचा छोटा कप ठेवला. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"मान थोडी वळव."

"मी काम करतेय."

"मीही."

"माझाच चेहरा का? पलीकडच्या काउंटरवरची यामिरा बघ, किती गोरी, किती चांगल्या केसांची."

"तिच्याकडे बघून माझी पेन्सिल चालत नाही."

युदेल्का खाली बघून फॉर्मवर शिक्का मारत राहिली. एक शिक्का उलटा पडला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, बाहेरच्या बदामाच्या झाडाखाली, त्यानं विचारलं, "वाळल्यावर कसे दिसतात ते?"

"कोण?"

"त्या दिवशी पळाली ना एक बट… ती सगळी मंडळी."

ती हसली. मग हसणं मधेच थांबलं. उत्तर तिला येत नव्हतं. ओले केस तिनं दर आठवड्याला पाहिले होते, मावशीच्या आरशात, रोलर लागायच्या आधी. पण आपले आपण वाळलेले? सात वर्षांची असताना पहिल्यांदा तिला त्या टोपाखाली बसवलं होतं. त्यानंतर नाही. सव्वीस वर्षांच्या बाईला स्वतःचे केस माहीत नव्हते.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

त्यानं थट्टा केली नाही. हातातलं सरबत तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "मलाही नाही. बघायला आवडेल."

त्या रात्रभर ती या वाक्यावर अडून राहिली. याला मी आवडते की माझ्या डोक्यावर जे नाहीच ते? आणि तो रोज चित्र काढतो ते या सरळ केसांच्या मुलीचं ना? मग तिचं काय?

गुरुवारी, बावीस तारखेला, पुस्तिकेचा कच्चा छाप आला. यामिरानंच आधी उघडला. "अय्या, युदेल्का! तू दोनदा आहेस!"

अकरावं पान. डावीकडे युदेल्का, सरळ केस, तोंड मिटलेलं. खाली हिरवी बरोबरची खूण. उजवीकडेही युदेल्काच. तेच डोळे, तेच आईनं दिलेले छोटे डूल, पण डोक्याभोवती काळ्या केसांचं मोठं गोल झाड, आणि त्या झाडाखाली ती दात दाखवून हसत होती. खाली लाल फुली.

तिला रागही नीट येईना. उजवीकडचं चित्र सुंदर होतं. तिचं आजवर कुणी इतकं सुंदर चित्र काढलं नव्हतं, आणि त्याच्यावर फुली होती.

नेफ्ताली बदामाखाली कॉफी घेऊन उभा होता. तिनं पान त्याच्या छातीवर आपटलं.

"हे काय?"

त्यानं पाहिलं. चेहरा उतरला. "खुणा मी नाही केल्या. शपथेवर सांगतो. मी दोन चित्रं दिली, खाली काही न लिहिता. मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"वाटलं, दोन्ही बघून त्यांनाच कळेल."

"काय कळेल? डावीकडे बरोबर, उजवीकडे चूक, हे तुझ्यासमोर सांगितलं होतं त्यांनी. माझ्यासमोर! फुली तू नाही मारलीस, पण फुलीला जागा सोडलीस ना?"

कप हातात तसाच राहिला.

"छापून आलं की हे पान दोनशे माणसं बघणार," ती म्हणाली. "दोनशे माणसांत मी चुकीची."

"युदेल्का… ते चित्र मी सगळ्यात शेवटी काढलं. सगळ्यात जास्त वेळ लावून."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि आत गेली. म्हणूनच काय, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शनिवारी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता, आणि मातृदिनाला शहरातली एकही आई केस न करता जेवायला बसत नाही. मावशीनं चारची वेळ भाचीसाठी राखून ठेवली होती. चार वाजले, पाच वाजले, युदेल्का गेली नाही. का नाही गेली, हे विचारलं असतं तर तिनं पाऊस सांगितलं असतं. पाऊस नव्हता.

रविवारी सकाळी तिनं केस धुतले आणि आईच्या गॅलरीत डोलखुर्चीवर बसून राहिली. काहीच केलं नाही. हेच सगळ्यात अवघड होतं. हात सारखे वर जात होते. अकराच्या सुमाराला केस मानेवरून वर सरकायला लागले. बारापर्यंत कानांवर आले. एक वाजता मावशी भाताचं मोठं पातेलं घेऊन फाटकातून शिरली आणि थबकली.

"देवा! पोरी, हे काय झाड उगवलंय?"

"केस आहेत, मावशी."

"ते दिसतंय मला. वीस वर्षं माझ्या या हातांनी ते वाकवलेत. शुक्रवारी तुझ्या नोकरीचा निकाल, आणि तू अशी जाणार? माझ्या दुकानाची अब्रू तरी बघ!"

"जाणार म्हणून कुठे म्हटलं मी?"

"मग?"

"मला नाही कळत, मावशी. मला फक्त बघायचे होते."

मावशीनं पातेलं खाली ठेवलं. जवळ आली. सवयीनं बोटं केसांत घातली, दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. केस परत वर आले. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं.

"टोकं सरळच राहिलीत," शेवटी ती म्हणाली. "ती ड्रायरनं मेलीत. ती काही वळायची नाहीत. खालून नवे येतील ते वळतील. पुरी दोन वर्षं." मग थोडं थांबून, "आईसारखी दिसतेस माझ्या. मला वाटलं नव्हतं…" म्हणाली आणि पातेलं उचलून तरातरा आत गेली.

सोमवारी युदेल्का आठला पाच मिनिटं कमी असताना काउंटरवर होती. रस्त्यात दोनदा परत फिरली होती, ते वेगळं.

पहिले आले ते एक म्हातारे गृहस्थ, हॉस्पिटलचा कागद घेऊन. चष्म्यावरून बघत म्हणाले, "इथे आधी बसायची ती मुलगी गेली का?"

"मीच ती, काका."

"असं होय. मग लवकर कर, पोरी. माझे गुडघे उभे राहू देत नाहीत."

इवेलिस मॅडम आठ दहाला आल्या. थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरं नाहीये का तुला?"

"बरी आहे, मॅडम."

"मग आजच्या दिवस मागे बस. फायलींच्या खोलीत."

युदेल्का जागची उठली नाही. "कुठल्या नियमानं, मॅडम?"

"अकराव्या पा…" म्हणत मॅडमनी काउंटरवरचं पाकीट उघडलं. छापखान्याकडून सकाळीच शेवटचा छाप आला होता. त्यांनी पानं उलटली. दहावं पान, मग कोरं, मग बारावं. कोऱ्या पानाला एक चिठ्ठी टाचलेली होती. 'माझी दोन्ही चित्रं मी परत घेतली आहेत. नियम कृपया शब्दांत लिहून पाठवावा. नेफ्ताली.'

युदेल्कानं ती काउंटरवरून उलटी वाचली. दोनदा.

"शब्दांत लिहून द्या, मॅडम," ती म्हणाली. "मी लगेच मागे जाते."

मॅडम आपल्या काचेच्या खोलीत गेल्या. पेन उघडून बसल्या. युदेल्काला काचेतून सगळं दिसत होतं: त्या एक ओळ लिहायच्या, वाचायच्या, खोडायच्या. कागद चुरगळून टोपलीत. पुन्हा नवा. पावणेबाराला त्या बाहेर आल्या आणि काउंटरवर एक कागद ठेवला. त्यावर एकच ओळ होती.

'केस स्वच्छ असावेत.'

"छापखान्यात पाठवून दे," त्या म्हणाल्या. "तुझं कायमचं पत्र शुक्रवारी काढते. वरून कुणी काही विचारलं तर माझं मी बघते."

त्या वळल्या, आणि परत फिरल्या. त्यांचा हात आपल्या कानामागच्या काटेकोर सरळ केसांवर होता. "हे… वाळायला किती वेळ लागतो?"

"काल साडेचार तास लागले, मॅडम."

"हं," मॅडम म्हणाल्या.

पाचला पुन्हा पाऊस आला. नेफ्ताली कोपऱ्यावर उभा होता, फोल्डरशिवाय. छत्रीशिवाय. तिला पाहिलं आणि दोन पावलं पुढे आला.

"छापखान्यातले काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"म्हणाले, या गिऱ्हाईकाचं काम तुला पुन्हा नाही." त्यानं खांदे उडवले. "तू म्हणालीस ते खरं होतं. जागा मीच सोडली होती."

कोंचो थांबली. तीच. काच नसलेली. मागे चार, पुढे कुणी नाही. तो दाराशी बसायला थांबला, तर तिनं त्याला आधी आत ढकललं.

"खिडकी माझी."

"भिजशील."

"भिजले तर वाळेन."

पाऊस आत आला. कपाळावर, गालांवर, केसांवर. थेंब केसांत शिरेनातच. वरच अडकून चमकत राहिले. तिनं हात वर नेला नाही. समोर बघत विचारलं, "मला अजून कळलेलं नाही. तुला कोण आवडली, डावीकडची की उजवीकडची?"

"डावीकडची माझ्यासमोर बसायची, शिक्के उलटे मारायची. उजवीकडची मी पाहिलीच नव्हती. नुसता अंदाज."

"आणि? अंदाज बरोबर निघाला?"

त्यानं वळून तिच्या केसांकडे नीट पाहिलं. या वेळी 'बघू नका' असं कुणी म्हणालं नाही.

"नाही," तो म्हणाला. "टोकं चुकली. मी सगळी वळलेली काढली होती. पुन्हा काढावं लागेल."

"टोकं वळायला वेळ लागेल. मावशी म्हणते, पुरी दोन वर्षं."

"मग दोन वर्षं," नेफ्ताली म्हणाला. "रोज बसावं लागेल माझ्यासमोर… चालेल?"

तिनं त्याचा ओला हात आपल्या हातात घेतला आणि मांडीवर ठेवला.

ड्रायव्हरनं दोघांकडे एकदा पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "ठेवा, ठेवा," तो म्हणाला. "फक्त गिअर टाकायला जागा ठेवा."