चौदा नंबरचा पट्टा

ही गोष्ट रचलेली नाही. रचली असती, तर तिचा शेवट असा केला नसता.

मंगळवार होता. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली. अर्धवट इमारतीचा सातवा मजला.

परांचीवर चढता चढता गवंडी थांबला. मुकादम त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

"नवे सेफ्टी बेल्ट आलेत ना? एक दे."

"ते तपासणीच्या दिवशी दाखवायला आहेत, दादा. मळले तर साहेब मलाच झापेल. तीस वर्षं परांचीवर काढलीस, आता नवरदेवासारखा नटून कुठं निघालास?"

सगळे हसले. गवंडीही हसला.

वीस मिनिटांनी फळी सरकली.

माणसं गाडी आणायला धावली. मुकादम स्टोअरकडे धावला. चौदा नंबरचा कोरा पट्टा काढला... आणि भावाच्या कमरेला बांधला. अंग अजून गरम होतं.

खट्. बक्कल लागलं.

चौकशीत लिहिलं गेलं, पट्टा दिला होता, मयतानेच हूक अडकवला नाही.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, मुकादम सातव्या मजल्यावर एकटा उभा होता. मिक्सर बंद. सगळं चिडीचूप. आणि अगदी पाठीशी...

खट्.

मागे कोणी नव्हतं.

त्याच्याच सदऱ्याखाली, कमरेला मात्र पट्टा होता. नंबर चौदा.

बक्कल सुटेना. कात्री चालेना. करवतीचं पातं मोडलं. आणि रोज दुपारी पट्टा बोटभर आवळायचा.

शेवटी तो भावाच्या घरी गेला. पुतणीने दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि समोर बसली.

"पोरी, एवढं सोडव गं. श्वास घेववत नाही."

तिने नुसतं बोट लावलं... बक्कल सुटलं. मुकादमाने छातीभर श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"काका, बाबा पडले तेव्हा त्यांच्या कमरेला पट्टा होता?"

खरं बोललं तर तुरुंग. त्याने मान खाली घातली.

"होता गं. मीच दिला होता."

खट्.

पुतणीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"पुन्हा सोडव," तो कसाबसा म्हणाला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

तो स्वतःच बक्कल ओढू लागला. तिने वाट पाहिली. मग उठून दार उघडून धरलं.

अजूनही काही दुपारी जिन्यावर त्याची धाप ऐकू येते. प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक... ती उठते आणि आतून कडी घालते.

खट्.

आणि मग तिचा हात आपोआप स्वतःच्या कमरेकडे जातो.